मागच्या एक्सलचा खडू

३ जानेवारी

दादा,

वर 'सप्रेम नमस्कार' नाही म्हणून शोधत बसू नकोस. चौदा वर्षांत पहिलं पत्र लिहितेय, त्यात अर्धा कागद नमस्कारात घालवला तर मुद्दा कुठे मांडू? फोन केला असता. पण तू फोनवर 'हं, हं, बरं, वहिनीशी बोल' एवढं म्हणतोस आणि सुटतोस. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही. चौथी पास बाईचं अक्षर आहे, चष्मा लाव.

तुझी लेक आली होती गॅरेजवर. तुला न सांगता. तिला ओरडू नकोस, मी ओरडून झालंय.

शनिवारी मी एका गाडीखाली उताणी पडून नट सोडवत होते. शेजारी दोन बूट येऊन थांबले. मी खालूनच म्हटलं, ''गिऱ्हाईक असशील तर थांब. काही विकायला आला असशील तर आल्या पावली परत जा.''

''आत्या, मी बारकी.''

बाहेर सरकले तर ही बया माझ्याहून वीतभर उंच! शेवटची बघितली तेव्हा बारा वर्षांची होती, पान्यांच्या पेटीवर बसून पाय हलवायची. आता गुरांची डॉक्टर. एप्रिलच्या पंधरा तारखेला डोंगरातल्या दवाखान्यात हजर व्हायचंय म्हणे. तिथल्या वस्त्यांना रस्ते नाहीत, नाले आहेत. गाय अडली की डॉक्टर पोचेपर्यंत वासरू जातं, कधी गायही. आधीचा डॉक्टर साधी गाडी घेऊन गेला होता. गाडी नाल्यात आणि राजीनामा टेबलावर ठेवून परत आला.

मी विचारलं, ''बापाला बोललीस?''

''बाबा गाडीचं नाव काढलं की उठून जातात.''

''मग मी काय करू?''

''चारही चाकं ओढतील अशी गाडी बनव मला. तू आणि बाबा बनवायचात तशी.''

म्हणाली अशी की जसा काही फ्रॉक शिवायचाय.

तर दादा, मी दोन सांगाडे बघून ठेवलेत. एक लांब, एक आखूड. लांबात औषधांची थंड पेटी, दोऱ्या, शिवाय एखादं वासरूसुद्धा मावेल. आखूड अरुंद वळणावर एका दमात वळेल, पण मागे काही मावणार नाही. तूच म्हणायचास ना, गिऱ्हाईकाला कोणती गाडी हवी ते विचारू नको, कुठे अडकलास ते विचार. बारकीला विचारलं. ती म्हणते, ''अजून गेलेच नाही तर अडकणार कुठे?'' तुझीच लेक.

मी हात चालवते, पण निवडायचं काम नेहमी तू केलंस. कोणता घेऊ ते कळव.

तुझी
ठिणगी


१४ जानेवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. पत्र पोचले. अक्षर वाचता आले.

बारकीने मला न विचारता तुझ्याकडे जायला नको होते. मी तिच्याशी बोलेन. माझे मत विचारशील तर तिने कंपनीतून तयार गाडी घ्यावी, जिची हमी कोणीतरी लिहून देते. जुने सांगाडे उभे करण्याचे दिवस संपले.

आणि या बाबतीत मला विचारू नये. मी आता शिलाई मशिने दुरुस्त करतो. मशीन बिघडले तर फार तर सुई मोडते. ते मला झेपते.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? वहिनी विचारते.

तुझा
दादा

ता. क. लांब सांगाडा घेणार असशील तर मागचे स्प्रिंगचे पाटे चासीला जिथे टांगतात त्याच्या मागे हातोडी मारून बघ. त्या बनावटीच्या गाड्या तिथे आतून कुजतात, वरून रंग चांगला दिसतो. हा सल्ला नव्हे, सहज आठवले.


२० जानेवारी

दादा,

तुझं पत्र भाड्याने आणलेल्या भाषणासारखं, आणि ता. क. सोन्याचा.

लगेच हातोडी घेऊन गेले. पुढे मारली, टण्ण. मध्ये मारली, टण्ण. तू म्हणालास तिथे मारली तर भद्द. दुसऱ्या फटक्याला हातोडी आत! मालक शेजारी उभा होता, त्याचं तोंड बघायला हवं होतंस. म्हणाला, ''बाई, तुम्ही माल बघायला आलात की फोडायला?'' मी म्हटलं, ''फुटतो तो माल नसतो.'' आखूड उचलून आणला. मागे मावत नाही तर मावत नाही, टपावर लोखंडी जाळी करून देईन. नाही, थांब, करणार नाही. वजन वर चढवलं की तू ओरडायचास. औषधांची पेटी सीटखालीच बसवते. बघ, तू इथे नसूनही ओरडतोस.

पहिली गाडी आठवते का? त्या लिलावाच्या आवारात उन्हात चाळीस सांगाडे मांडलेले, आणि तू वही घेऊन प्रत्येकापुढे देवळासमोर उभा राहावा तसा. मी एकोणीस वर्षांची, मला घरी जायची घाई. शेवटी तू सगळ्यात कुरूप गाडीपाशी थांबलास. दरवाजे नाहीत, बोनेटवर कावळ्याचं घरटं. मी म्हटलं, ''दादा, ही गाडी आहे की झाड?'' तू म्हणालास, ''हिला कुणी रंगवून लपवलेलं नाही. जे आहे ते दिसतंय.'' तिला आपण कासव म्हणायचो. अकरा महिने लागले आणि मग खाणीच्या रस्त्याला वीस वर्षं पळाली.

आणि तो उंट? खडीवाल्या शेठला टकाटक हवी होती, ट्रॅक्टरएवढी चाकं, छातीपर्यंत उंच. तू समजावलंस, उंच टाचांचं असंच असतं, मिरवायला बरं, जिना उतरताना कळतं. ऐकलं नाही. पहिल्याच आडव्या उतारावर गाडी कुशीवर झोपली आणि शेठ वरच्या खिडकीतून बिळातल्या उंदरासारखे निघाले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, ''जरा बुटकी करून द्या.''

बारकी दर शनिवारी पहाटेची बस धरून येते. पहिल्यांदा वेल्डिंग केलं तेव्हा डोळे मिटून घेतले तिने. मी म्हटलं, गाय अडल्यावरही डोळे मिटतेस का? आता बरी करते. हात तुझा आहे, संथ. मला तर बघून बघून झोप येते.

आता एक स्पष्ट बोलते, कारण मला दुसरं येत नाही. 'तयार गाडी घ्यावी' म्हणजे काय? मी जोडलेल्या गाडीत तुझी लेक बसायला नको, असंच ना? माझ्या हातावर विश्वास नाही असं सरळ लिही. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या एकाही गाडीचा नटसुद्धा सैल निघालेला नाही.

ठिणगी

गुडघा आहे जागेवर.


४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. तू चुकीचे समजलीस. तुझ्या हातावर माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. विश्वास नाही तो माझ्या डोक्यावर. हे आजवर कुणाला लिहिले नाही. तुला लिहितो, कारण तू विषय काढलास.

मोजणीदाराच्या गाडीचे सांगतो. जमीन मोजायला डोंगरात जाणारा माणूस, म्हणून आपण पाटे वाढवून गाडी चार बोटे उंच केली. गाडी उंच केली की ब्रेकच्या तेलाचे रबरी होज लांब घालावे लागतात, नाहीतर चाक खड्ड्यात लोंबले की होज ताणून फाटतो. पुढचे दोन लांब होज मिळाले होते. मागच्या एक्सलचा मिळाला नव्हता. तिथे जुना आखूडच ठेवला आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी लांब होज आणायला गेलो.

आपली रीत तुला ठाऊक आहे. गाडी घोडीवर चढवायची, चारही चाके हवेत लोंबू द्यायची, खाली शिरून एकेक होज बोटाने चाचपायचा, आणि तो सैल असला तरच त्या जागी खडूची फुली मारायची. सगळ्या फुल्या झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

मी होज हातात घेऊन परत आलो तेव्हा फाटक उघडे होते आणि गाडी गेलेली होती. तुला विचारले, ''सांगितले होते ना, मागच्याला खडू मारू नकोस?'' तू म्हणालीस, ''नाही. काही सांगितलं नाहीस.''

ते शब्द माझ्या तोंडात आहेत असे मला आजही वाटते. तू वाकून पाना पुसत होतीस, मी चप्पल घालत होतो. पण मग विचार करतो, ठिणगी आयुष्यात कधी खोटे बोललेली नाही. पोलिसाला तोंडावर म्हणालीस की तुमचे पोट स्टिअरिंगला अडते म्हणून गाडी एका बाजूला ओढते. सासरच्या माणसांना बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलेस की मला स्वयंपाक येत नाही आणि शिकणार नाही. असा माणूस 'सांगितले नाही' म्हणतो तेव्हा सांगितलेले नसते. म्हणजे मी नुसते मनात म्हटले आणि बोललो असे समजलो. त्यात एका माणसाचा पाय तीन ठिकाणी मोडला. तो आजही लंगडतो.

म्हणून सोडले. ज्याला आपण काय बोललो हेच ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या ब्रेकला हात लावू नये. तेव्हापासून मी सगळे चिठ्ठीवर लिहितो. दुकानाचे कुलूप तीनदा ओढून बघतो. वहिनी हसायची, आता हसत नाही. माझ्या मुलीच्या गाडीत माझ्या डोक्यातले काही नसावे, एवढेच माझे म्हणणे आहे. तुझ्या हातांचे असेल तेवढे असू दे.

चासीचे वेळीच कळले हे वाचून बरे वाटले.

तुझा
दादा


२ मार्च

चि. ठिणगीस, आशीर्वाद.

चार आठवडे पत्र नाही. बरी आहेस ना? बारकी म्हणते, आत्या हल्ली बोलत नाही. हे ऐकून काळजी वाटली. पाटे किती पानांचे बसवलेस?

दादा


११ मार्च

दादा,

बरी नाही. पाटे सात पानांचे, गाडी तीन बोटं उंच केलीय.

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन शेगडीत गेली. तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे, एक सोडून. तू सांगितलं होतंस.

चप्पल घालत होतास. उजवीचा अंगठा तुटलेला होता, तो खिळ्याने अडकवत होतास. म्हणालास, ''मागचा होज उद्या आणतो, तोवर मागच्याला खडू मारू नकोस, ठिणगे.'' मी 'हूं' म्हटलं. मी ऐकलं. ते तुझ्या मनात नव्हतं, तोंडात होतं, आणि माझ्या कानातही होतं. आजही आहे.

दुसऱ्या दिवशी तू गेलास आणि मोजणीदार दहालाच फाटकात येऊन उभा. घड्याळ बघतोय, पाय आपटतोय, वर त्याची माणसं वाट बघतायत म्हणतोय. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबा. तो म्हणाला, ''तुमच्या भावाला बोलवा, बाईमाणसाशी काय बोलायचं.'' मला ते लागलं. पण खरं सांगू का, ते नसतं लागलं तरी मी हेच केलं असतं. मला थांबता येत नाही, जन्माची खोड. दूध वर यायची वाट बघता येत नाही म्हणून मी गॅसच मोठा करते. गाडी घोडीवर होती, चाकं लोंबत होती. पुढचे दोन होज चाचपले, खडू मारला. मागे शिरले. आखूड होज सतारीच्या तारेसारखा ताणलेला दिसला. मनात म्हटलं, एवढी गाडी काय हवेत लोंबणार आहे, परवा परत आला की बदलू. आणि मारली फुली.

न बघता मारली असती तरी बरं होतं. बघून मारली.

तिसऱ्या नाल्यात मागचं चाक लोंबलं, होज कॉलरपाशी फाटला. त्या जुन्या गाडीत एक फाटला की चारही ब्रेक गेले. पुढे उतार. त्याने गाडी दरडीवर घातली म्हणून जिवंत राहिला.

तू होज घेऊन आलास तेव्हा अजून काही झाल्याची बातमी नव्हती. मला वाटलं, संध्याकाळी सुखरूप येईल, कशाला बोलणी खा. म्हणून म्हटलं, नाही सांगितलंस. संध्याकाळी बातमी आली, फाटकात माणसं जमली, पोलीस आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू पुढे होऊन म्हणालास, ''चूक माझी आहे.'' आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. मग तिसऱ्या. वेल्ड गरम असतो तोवर ठोकून सरळ करता येतो. माझा गार झाला.

मला वाटायचं, तू मनातून ओळखून आहेस आणि मोठेपणाने पोटात घातलंस. लोक म्हणायचे, बाईच्या हातची गाडी नको. तुझ्यामागे माझं गॅरेज चालावं म्हणून तू बाजूला झालास, असं मी स्वतःला सांगत आले. कधी तुझा रागही यायचा, एवढा मोठेपणा कशाला म्हणून! तू स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊन जगतोयस, कुलपं ओढून बघतोयस, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुझं पत्र वाचून मी गाडीखाली जाऊन झोपले आणि जेवायलाही बाहेर आले नाही. आमचे हे दोनदा वाकून बघून गेले.

तुला लिहायच्या आधी मोजणीदाराला सांगितलं. तीच गाडी घेऊन तो दर वर्षी माझ्याकडेच येतो, ठाऊक नसेल तुला. बाकावर बसवलं, चहा दिला आणि सांगून टाकलं. कप बाकावर ठेवून म्हणाला, ''तुमच्या भावाला मी दवाखान्यात म्हणालो होतो, तुझे हात कलम करायला हवेत. ते वाक्य मी आता कुठे नेऊन ठेवू?'' माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा तसाच टाकून, गाडीही टाकून, लंगडत पायी गेला. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आला तेव्हा तुझा पत्ता मागितला. दिलाय.

माफी मागायचं मला येत नाही, शिकवलं नाही कुणी, आणि मागून काय, तुझी चौदा वर्षं थोडीच भरून येणार. पण तुझं डोकं शाबूत आहे, दादा. पहिल्यापासून शाबूत होतं. नासकं जे होतं ते इकडे होतं.

बारकीलाही हे वाचायला दे. तिने गाडी माझ्याकडून घ्यायची की नाही ते तिने ठरवावं.

ठिणगी


२ एप्रिल

आत्या,

बाबा तुला लिहीत नाहीयेत म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा ते दुकानात होते. उभ्यानेच वाचलं. मग स्टुलावर बसून पुन्हा वाचलं. मग मशीनचं तेल पुसायच्या फडक्याने चष्मा पुसला, त्यामुळे काच आणखी खराब झाली, तरी तोच घालून तिसऱ्यांदा वाचलं. मला म्हणाले, ''वाच.'' मी वाचलं. मी रडले, ते नाही. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, ''मी सांगितलं होतं.'' एवढंच. दिवसभर अधूनमधून तेच. जेवताना एकदा ताटाकडे बघत म्हणाले, ''उजव्या चपलेचा अंगठा. बरोबर.''

दुसऱ्या दिवसापासून भयंकर चिडलेत. तुझं नाव घेतलं की सुईचा डबा आपटतात. म्हणतात, ''सांग तिला, चौदा वर्षं मी सुया बदलल्या.'' मोजणीदारकाका येऊन गेले. दोघे दारात उभे राहून बोलले. काका रडत होते आणि बाबा त्यांना म्हणत होते, ''पायाला शेक देता की नाही?''

आत्या, मीही तुझ्यावर चिडलेय. मी बारा वर्षांची असताना एका दिवसात गॅरेज गेलं, तू गेलीस, आणि बाबा चिठ्ठ्या लिहायला लागले. मला वाटायचं मोठी माणसं अशीच म्हातारी होतात. पण गाडी मला तुझ्याकडूनच हवी. बघून फुली मारली हे जी स्वतः लिहिते, तिच्या फुलीवर मी बसेन.

आता खरी बातमी. काल संध्याकाळी मी आईला मुद्दाम मोठ्याने म्हणाले, ''सगळी गाडी झालीय, पण मागच्या एक्सलचा लांब होज आत्याला तिकडे कुठेच मिळत नाहीये.'' बाबा दुकान बंद करत होते. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले. आत्या, कुलूप ओढून बघितलं नाही. एकदाही नाही. मी आणि आई दारात उभ्या राहून त्या कुलपाकडेच बघत होतो.

दोन तासांनी आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, ''पाय मोकळे करायला.'' हातांना रबराचा वास येत होता.

पाच तारखेला माझं सामान घेऊन तुझ्याकडे येते.

बारकी


९ एप्रिल

ठिणगीस,

'माफ केले' असे लिहायला बसलो होतो. लिहिता येत नाही. अजून नाही. तुझे पत्र वाचून आधी सुटल्यासारखे झाले आणि मग राग आला. राग अजून आहे. सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? परवा एका बाईंनी मशीन आणले, मी नुसते ऐकून सांगितले की खालचा दात झिजलाय. उघडले, तर तोच. चौदा वर्षांत असे कितीदा झाले असेल, आणि मी प्रत्येक वेळी म्हटले, नशिबाने जमले.

पण मी सांगितले होते हे तू लिहिलेस. चपलेचा तुटका अंगठा मी विसरलो होतो. तो तुला आठवत होता.

होज करून देणारा बाजारात सापडला. तयार होज नव्हता, मापाने कापून टोके दाबून घ्यावी लागतात. तो माणूस सतराला संध्याकाळी देतो म्हणतो. मी अठराला सकाळच्या बसने घेऊन निघतो, दुपारी पोचेन.

बारकीला पंधराला हजर व्हायचे आहे हे मला ठाऊक आहे. तेव्हाही दुपारपर्यंतचाच प्रश्न होता. काय करायचे ते तू ठरव.

जुना होज, तो त्या दिवशी आणलेला, माझ्या कपाटात आहे. बसवण्याच्या लायकीचा नाही, रबर मेले आहे. पण फेकला नव्हता. तोही आणतो.

दादा


१२ एप्रिल

दादा,

तुझी लेक माझा जीव खातेय.

सकाळी म्हणाली, ''आत्या, गाडीचा मूळचा आखूड होज लावूनच जाते ना. पक्क्या रस्त्याने हळूहळू. अठरानंतर येऊन बदलून घेईन.'' मी हातातला पाना खाली ठेवला. फेकला असता, पण ठेवला. म्हटलं, ''बस इथे.'' बसली. म्हटलं, ''चौदा वर्षांपूर्वी 'परवा बदलू' असं ज्या तोंडाने म्हटलं गेलं, ते तोंड बघायचंय? हे बघ.'' मग तिच्या साहेबांना अर्ज लिहायला लावला, गाडीच्या ब्रेकचं काम अपुरं असल्याने एकोणीसला हजर होते. साहेबांचा फोन आला, चिडून. बारकी घाबरली. फोन मी घेतला. म्हटलं, ''साहेब, आधीच्या डॉक्टरची गाडी नाल्यात गेली तशी हिचीही घालायचीय का?'' तो म्हणाला, ''एकोणीस चालेल.''

मोजणीदार काल येऊन बाकावर बसला होता. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चहा मात्र संपवला. जाताना गाडीखाली वाकून बघत म्हणाला, ''मागचा राहिलाय.'' मी म्हटलं, ''माणूस यायचाय.''

गाडी घोडीवर चढवून ठेवलीय, चारही चाकं हवेत. पुढचे दोन होज मी चाचपले, बारकीनेही चाचपले, मग खडू मारला. मागच्याला मारलेला नाही. मी त्या बाजूला शिरतच नाही. येताजाता ती गाडी बघून माझ्या हाताला मुंग्या येतात, दर तासाला घड्याळ बघते, आमचे हे म्हणतात दळण टाकल्यासारखी काय उभी आहेस. अजून सहा दिवस आहेत. असू देत.

खडू खिडकीत ठेवलाय, तुझ्या जुन्या जागी. तो तू मार. बघून मार.

राग आणायचा तेवढा बरोबर आण. स्टँडवरून चालत येऊ नकोस, उन्हाचं. तू होज घेऊन वळणावर आलास की तुला आधी फाटक दिसेल. ते बंद आहे, आणि गाडी आत आहे.

ठिणगी